कर्ण्यातली जनी

माइक काढून खुंटीला टांगलेला होता. देवळात भजनी मंडळाचा एकही माणूस नव्हता. टाळ पेटीत होते, मृदंग गवसणीत होता. तरीही उंबराच्या फांदीला बांधलेला लाऊडस्पीकरचा कर्णा कण्हत होता, आणि त्याच्याखाली सगळं बांधणखार गाव हात जोडून उभं होतं.

आधी घशात काही अडकल्यासारखी खरखर यायची. मग तिच्यातून एक लांब, ओला हुंदका निघायचा, वर चढायचा, मध्येच तुटायचा आणि पुन्हा खालून सुरू व्हायचा. पोरं आयांच्या पदरात तोंड खुपसायची. म्हातारी माणसं कानाला हात लावून गावदेवीचं नाव घ्यायची. मिठागरावरून सुटलेल्या बायका पायांवरचा चिखलही न धुता थेट इथं यायच्या. बातमी डोलवीपर्यंत गेली होती. तिथली माणसं बांधावरून चालत यायची, आणि ऐकून झालं की एकट्यानं परत जायला घाबरायची, म्हणून इथंच कुणाच्या तरी ओटीवर मुक्काम ठोकायची.

"जनीच गो ती," एक बाई शेजारणीला म्हणाली. "आवाज वळखत नाय व्हय तू?"

गर्दीच्या अगदी मागे चंद्रावती उभी होती. कडेवर तिची चार वर्षांची लेक काशी. जनी तिची धाकटी जाऊ होती, एका चुलीवर सहा वर्षं दोघींनी भाकऱ्या थापल्या होत्या. आवाज ओळखायला तिला कुणी सांगायला नको होतं. गेले तीन आठवडे ती रोज इथं येऊन मागेच उभी राहत होती.

गोष्ट एकाहत्तर सालची. पेण तालुक्याच्या खारेपाटातल्या या गावात वीज येऊन दोनच वर्षं झाली होती. भजनी मंडळानं रोह्याच्या गोविंदा मिस्त्रीकडून लाऊडस्पीकरचं एक जुनं मशीन घेतलं. मशीन म्हणजे आवाज मोठा करणारी लोखंडी पेटी. आत काचेचे पाच व्हॉल्व्ह. बटण दाबलं की मिनिटभरानं ते तापायचे आणि जाळीच्या झाकणातून निखाऱ्यांसारखे लाल दिसायचे. मशीन आलं त्या दिवशी माइकमधून पहिला आवाज गेला तो जनीचा. जनी धवले गायची, म्हणजे आगऱ्यांच्या लग्नात धवलारीण म्हणते ती गाणी. तिचा आवाज कर्ण्यातून पार मिठागरापर्यंत गेला आणि तिकडच्या बायका फावडी टाकून ऐकत राहिल्या.

त्यानंतर दीड महिन्यानं जनी खाडीत बुडून मेली. तिचं तेरावं झालं, आणि पुढच्याच आठवड्यात मशीन दिवेलागणीला कण्हायला लागलं. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, दुसरं काय. पण घाबरलेलं गाव फांदी कुजली होती का ते बघत नाही, कावळ्याच्याच मागे लागतं.

आणि गाव असं मागे लागलं की कुठून तरी एखादा हैबतराव यावाच लागतो. हा मांत्रिक घाटावरून आला. हातात पितळी कड्या ठोकलेली जाड काठी, गळ्यात माळा, आणि मनगटाला तांब्याची तार गुंडाळलेली. ती तार कशासाठी, असं कुणी विचारलं की तो दयेनं हसायचा.

"आवं, पूर्वीची भुतं चिंचंवर बसायची. आता चिंचा ऱ्हायल्या का? आता ती तारंवर बसत्यात. तार पेणवरनं येती, पेणची मुंबईवरनं. मुंबईचं वारं लई वंगाळ! पन ही बाई तुमच्याच घरातली हाय. हिनं सोताच्या तोंडानं आवाज पेटीत टाकला. देह गेला, आवाज आत कोंडला. आता त्यो भाईर पडाया बगतोय."

लोकांना हे पटलं. वीज त्यांना कळत नव्हती आणि हैबतरावालाही कळत नव्हती, पण तो न कळलेलं मोठ्यानं बोलत होता.

त्यानं उपाय सांगितला. रोज दिवेलागणीला पेटीला मीठ-मोहऱ्यांचा उतारा करायचा आणि मग त्याचा मंत्र. मंत्र बरोबर अर्ध्या तासाचा. आणि काय सांगावं, अर्धा तास झाला की कण्हणं खरोखरच निवत जायचं आणि थांबायचं! माणसं त्याच्या पायांवर डोकी ठेवायची. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला जनी पुन्हा हजर, हैबतराव पुन्हा हजर. दोघांचं छान जमलं होतं.

जनीचा नवरा नाथा अगदीच खचला होता. त्यानं एकदा मशीन डोक्यावर घेऊन पेण गाठलं आणि एस.टी.नं रोह्याला मिस्त्रीकडे नेलं. गोविंदा मिस्त्रीनं ते दुकानाच्या दारात ठेवून दिवसभर चालवलं. एक हुंकार नाही. "चोख हाय," म्हणाला. नाथा परत आला, मशीन देवळात लावलं, आणि दिवेलागणीला हुंदका आला. यावर हैबतरावाची छाती दोन बोटं फुगली. "आत्मा शीव वलांडत न्हाई," तो म्हणाला.

एवढ्यावर भागलं असतं तर बरं होतं. पण एके मंगळवारी हैबतराव म्हणाला की जनी उगाच रडत नाही, तिला कुणाचं तरी नाव सांगायचं आहे. तो गावातल्या बायकांची नावं एकेक करून घेऊ लागला. प्रत्येक नावानंतर थांबायचा. कण्हणं चालू होतं तसंच राहायचं. मग तो म्हणाला, "चंद्रावती." आणि कर्णा किंचाळला. गावातल्या कुत्र्यांनी शेपट्या पायांत घातल्या अशी किंचाळी.

पुढच्या मंगळवारी पुन्हा तेच. इतर सगळ्या बायकांना कण्हणं, चंद्रावतीला किंचाळी.

"दोनदा सांगितलंय," हैबतराव म्हणाला. "तिसऱ्यांदा बोलली तर हिला शिवेत ठेवता येणार न्हाई. पोर आजीजवळ ऱ्हाईल. खुनी बाईच्या वटीत पोर कशी ठेवायची?"

पंचांनी माना डोलावल्या. तिसरा मंगळवार म्हणजे आजचा.

आता हैबतरावानं चंद्रावतीच का निवडली? त्यात दैवी काही नव्हतं. गावात आल्यावर पहिले दोन दिवस तो चहाच्या टपरीवर बसून होता, आणि टपरीवर सगळे हेच बोलत होते की जनीबरोबर शेवटी होती ती चंद्रावती, आणि त्या दोघींचं त्या सकाळी भांडण झालं होतं.

भांडण झालं होतं हे खरंच होतं. दोघी खाडीतले खेकडे, चिंबोऱ्या, धरायला उघाडीवर गेल्या होत्या. उघाडी म्हणजे बांधातलं पाण्याचं दार. ओहोटीला ते शेतातलं पाणी सोडतं आणि भरतीला खाडी अडवतं. तिथं खाली उतरायला चार दगडी पायऱ्या आहेत. भांडण कशावरून? तर पाटा वाटून झाल्यावर कुणी धुतला नाही यावरून. परतताना चंद्रावती तणतणत पुढे चालू लागली. जनी पायऱ्यांवर टोपली आवरत होती. मागून हाक आली, "बाय, थांब गो." चंद्रावती थांबली नाही. बांधाच्या वळणावर जाऊन तिनं पाहिलं तेव्हा पायरीवर टोपली होती आणि जनी नव्हती.

हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. ढकललं नाही, हे तिला ठाऊक होतं. पण कर्णा कण्हायला लागला की त्या हुंदक्यात तिला "थांब गो" ऐकू यायचं, अगदी स्पष्ट. म्हणून तिची भीती गावाच्या भीतीसारखी नव्हती. गावाला वाटत होतं जनी खरं बोलते आहे. तिलाही तेच वाटत होतं, फक्त ते खरं काय ते तिला एकटीलाच ठाऊक होतं.

मंगळवारी दुपारी तिनं वांगं चिरायला घेतलं. सुरी हातात तशीच राहिली. नवरा हिरामण सकाळपासून घरात नव्हता. शब्द न बोलता शर्ट घालून निघून गेला होता. मुळातच मुखदुर्बळ माणूस. दोन मंगळवार बायकोच्या नावावर कर्णा किंचाळत असताना तो खाली बघत उभा राहिला होता. आता तो तिसरा मंगळवार बघायलाही थांबला नाही, असं तिला वाटलं, आणि तिनं त्याला दोषही दिला नाही.

सासू धोंडुबाई दारात येऊन बसली. मग म्हणाली, "चंद्रे, खरं सांग मना. ढकललीस तू तिला?"

"नाय, आये."

"मग ती नाव कशाला घेतं तुजा?"

म्हातारीनं काशीला जवळ ओढून मांडीवर घेतलं. घेण्याची ती रीत चंद्रावतीला कळली. आजीनं आजच सवय करायला घेतली होती.

दिवेलागणीला दोन बायका तिला न्यायला आल्या. एक शेजारची इंदुबाई, तिच्या गुडघ्याला फडकं बांधलेलं होतं. चार दिवसांपूर्वी तीही उघाडीवर घसरली होती. हैबतरावानं तिला सांगितलं होतं की जनीनं पाय ओढला. इंदुबाई वाटभर चंद्रावतीपासून हातभर लांब राहून लंगडत चालली.

देवळात मशीन लाकडी चौरंगावर मांडलेलं. धोंडुबाईनं काशीला बाजूला बसवून उतारा केला. हैबतरावानं बटण दाबायला लावलं. मिनिटभर काही नाही. मग आतले व्हॉल्व्ह लाल झाले, आणि बाहेर उंबरावर जनी रडू लागली. चंद्रावतीला समोर उभं केलं होतं.

हैबतराव चौरंगाला काठी टेकून उभा राहिला. "इंदुबाई," तो म्हणाला. कण्हणं. त्यानं आणखी पाचसहा नावं घेतली. कण्हणंच. माणसांनी श्वास धरला.

"चंद्रावती."

कर्णा किंचाळला. कुणीतरी बाई मटकन खाली बसली. नाथानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. चंद्रावतीला वाटलं की आता पायाखालची फरशी उघडली तर बरं.

"किंचाळायच्या आधी एक ठक आला," मागून कुणीतरी म्हणालं.

आवाज अगदी साधा होता. भाजीचा भाव विचारावा तसा. माणसं वळली. दारात हिरामण उभा होता, घामानं निथळत, आणि त्याच्या शेजारी चष्मा लावलेला एक बुटका माणूस, खांद्याला हत्यारांची पिशवी. नदीपलीकडच्या अष्टमी गावात राहणारा आणि पूल ओलांडून रोह्याच्या बाजारात रेडिओ दुरुस्त करणारा गोविंदा मिस्त्री. हिरामणानं सकाळी एस.टी. पकडून त्याला दुकानातून उठवून आणलं होतं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यानं कुणाला न विचारता काही केलं होतं.

"म्हाराज, काठी जरा लांब ठेवा बघू," मिस्त्री त्याच साध्या आवाजात म्हणाला, "आणि मग वयनींचं नाव घ्या."

"पेटीला हात लावशील तर हात जळंल," हैबतराव गरजला.

"जळंल ना. तीनशे व्होल्ट हायत आत. मी लावतोय म्हणून बरं, तुमी लावू नका." मिस्त्रीनं पिशवीतून पेन्सिल काढली, मशीनचं झाकण उचललं आणि पेन्सिलीचं टोक एका व्हॉल्व्हच्या काचेवर हलकेच मारलं. टिक. काही नाही. दुसऱ्यावर. काही नाही. सगळ्यात कडेच्या, लहान व्हॉल्व्हवर टिक केलं मात्र, उंबरावरून तीच किंचाळी आली. बायका ओरडल्या.

"घाबरू नका. हा म्हातारा झालाय. याच्या आतल्या तारा सैल पडल्यात. धक्का लागला की थरथरतात, आणि मशीनचं कामच बारीक थरथर मोठी करायचं. चौरंगाला ठक केलं तरी याला पोचतं." त्यानं चंद्रावतीकडे पाहिलं. "वयनी, तुमी कायबी बोला. जे तोंडाला येल ते."

काय बोलायचं? डोकं रिकामं होतं. दुपारपासून डोळ्यांपुढे होतं तेवढंच ओठांवर आलं.

"वांगं," ती म्हणाली.

मिस्त्रीनं हैबतरावाचीच काठी घेऊन चौरंगाला ठक केलं आणि कर्णा जीव तोडून किंचाळला.

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग मागे कुणीतरी फिसकन हसलं. "वांग्यानं मारली व्हय जनीला?" असं एक म्हातारा म्हणाला, आणि भीतीनं ताणलेली माणसं खो खो हसायला लागली. हैबतरावाचा चेहरा पडला.

पण हसणं फार टिकलं नाही. कारण कण्हणं चालूच होतं. किंचाळी गेली, हुंदका राहिला. तो पुन्हा वर चढला, मध्येच तुटला, खालून सुरू झाला. एकेक करून माणसं गप्प झाली.

"किंचाळी माजी काठी आसंल," हैबतराव सावरून म्हणाला. "रडनं बी माजी काठी हाय का?"

मिस्त्रीनं मशीन बंद केलं, तो म्हातारा व्हॉल्व्ह उपसला आणि पुन्हा चालू केलं. कर्णा गप्प. त्यानं पिशवीतला नवा व्हॉल्व्ह त्या जागी बसवला. सगळे बघत राहिले. नव्यावर पेन्सिल मारली, किंचाळी नाही. मिस्त्री हसायला लागला आणि तेवढ्यात, नवा व्हॉल्व्ह नीट तापल्यावर, कर्ण्यातून खरखर आली आणि मागोमाग हुंदका.

"दिवा बदलला तरी ती हायच," हैबतराव म्हणाला. आता त्याला ओरडायची गरजच नव्हती.

मिस्त्रीनं चष्मा काढून पुसला. चंद्रावती त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती. हा शिकलेला माणूस होता. त्याच्या पिशवीत सगळी हत्यारं होती, आणि त्यालाही कळत नव्हतं. "माझ्या दुकानात दिवसभर चालवली," तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. "एकदा बी नाय केलं असं."

नाथा हात खाली घेऊन चंद्रावतीकडे बघत होता. ती नजर सोसवेना. आता काशीला घेऊन जातील. आता. तिच्या कानात "थांब गो" घुमत होतं, आणि पळून जाण्याऐवजी ती का कोण जाणे त्या आवाजाकडेच कान देऊ लागली. पहिल्यांदाच नीट ऐकू लागली. जनी दुपारी का रडत नाही? जनी सकाळी का रडत नाही? मेलेल्या माणसाला वेळेचं काय पडलं आहे?

"मिस्त्री," तिनं विचारलं. आवाज इतका बारीक निघाला की तिला पुन्हा विचारावं लागलं. "दुकानात किती वाजता चालवली?"

"धा ते पाच. दारात, उन्हात."

"हितं दिवेलागणीलाच रडतं. खाडीवरचा गार वारा सुटला की. आणि अर्ध्या तासानं थांबतं."

"मशीन तापतं अर्ध्या तासानं," मिस्त्री सावकाश म्हणाला. "आतला सगळा दमटपणा सुकतो. पण नुसत्या दमटपणानं एवढं नाय होत, वयनी."

चंद्रावती लग्नाच्या आधीपासून मिठागरावर राबत होती. दुपारी मिठाची रास कशी खडखडीत असते आणि दिवेलागणीला तिला हात लावला तर तळहात कसा ओला होतो, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. घरातल्या मडक्यातल्या मिठालाही त्याच वेळी पाणी सुटायचं.

"त्याच्यात मीठ गेलं आसंल तर?" ती म्हणाली.

मिस्त्री जागच्या जागी थांबला. "मशीनमधे मीठ? कुठनं जाईल?"

मग धोंडुबाई पुढे आली.

"मी टाकलंय," ती म्हणाली. "नवीन मशीन आलं, जनीचा आवाज गावभर गेला, म्हटलं दिष्ट लागंल. मीठ-मव्हऱ्या ववाळल्या. मग त्या इस्तवात टाकाव्या लागतात ना? आत लाल इंगळ दिसत होतं. म्हटलं हीच चूल. जाळीतनं आत टाकल्या. मग ह्या बाबांनी सांगितलं रोज टाक. रोज टाकतंय मी. मूठमूठ."

मिस्त्रीनं मशीनची वायर उपसली, थोडा वेळ जाऊ दिला, चार स्क्रू काढले आणि पेटी उलटी केली. माणसं एकमेकांच्या खांद्यांवरून वाकली. लहान व्हॉल्व्ह जिथं बसतो त्या जागेखाली पांढरी, ओलसर साय धरली होती. मोहऱ्यांचे काळे दाणे चिकटलेले. मिस्त्रीनं बोट लावून ते जिभेला लावलं आणि तोंड वाकडं केलं.

"मिठाच्या पाण्यातनं वीज धावते," तो म्हणाला. "व्हॉल्व्हच्या या पायातनं त्या पायात जायला नको तिथं ती झिरपते, जरा जरा, थांबत थांबत. तेच हे रडणं. पहिली मूठ ओली होत, सुकत इथपर्यंत झिरपायला दोन महिने गेले असतील. दुपारी मीठ सुकलेलं, मशीन गप्प. सांजेला मिठाला पाणी सुटतं, मशीन रडतं. तापलं की परत सुकतं, आणि मंत्र फळतो. आणि म्हाराज, तुमचा उतारा म्हणजे रोज नवीन मीठ."

हैबतराव काय म्हणाला ते कुणी ऐकलं नाही, कारण तो जागेवर नव्हता. दाराबाहेरच्या वहाणांतून घाईत तो कुणाच्या तरी नवीन वहाणा घालून गेला होता. त्याच्या जुन्या तिथंच होत्या आणि त्यांना कुणी हात लावेना.

मिस्त्रीनं स्पिरिट आणि ब्रश काढला. साय घासून काढली. धोंडुबाईच्या घरून शेगडी आणवून पेटी उबेला धरली. माणसं बसून राहिली, घरी कुणी गेलं नाही. पेटी सुकल्यावर त्यानं मशीन जोडलं. व्हॉल्व्ह लाल झाले. खाडीवरून वारा येत होता, उंबराची पानं हलत होती, आणि कर्णा गप्प होता. मिनिटं गेली. गप्पच.

मग नाथा उठला. तो मशीनजवळ आला आणि मिस्त्रीला म्हणाला, "परत बोलव तिला."

मिस्त्रीनं त्याच्याकडे बघितलं. मशीन बंद करून त्यानं वाटीत मीठ कालवलं, ब्रशच्या टोकानं त्याचा एक थेंब त्याच जागी ठेवला आणि बटण दाबलं. मिनिटभरानं उंबरावर जनी रडली. तोच हुंदका. तेच वर चढणं, तेच तुटणं. नाथा वाटीतल्या पाण्याकडे बघत होता. मिस्त्रीनं बटण बंद करून थेंब पुसला, जागा सुकवली, पुन्हा चालू केलं. हुंदका थांबलेला.

"एका थेंबात मावंल एवढी नव्हती ती," नाथा म्हणाला आणि तिथंच खाली बसून रडायला लागला.

चंद्रावती त्याच्यासमोर बसली. आता बोलली नाही तर जन्मात बोलणार नाही, हे तिला कळत होतं. भीती गेली नव्हती, पण आता तिला भुताची भीती नव्हती. माणसाच्या तोंडावर खरं सांगायची भीती होती, आणि ती भीती माणसाला सोसते.

"भावजी, मी नाय ढकललं तिला. पन ती थांब म्हनाली आनि मी थांबले नाय. पाट्यावरनं भांडलो आमी. मी रागात पुढं गेले. एवढं माझं हाय. ते मी कधी नाकारनार नाय."

नाथानं डोळे पुसले आणि विचारलं, "मग ती पडली कशी?"

असा साधा प्रश्न. तीन आठवडे गाव रोज जमलं, हात जोडले, उतारे केले, बाईला गावाबाहेर काढायला निघालं, आणि हा प्रश्न कुणीही विचारला नव्हता. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, ही म्हण पूर्वजांनी काय गंमत म्हणून केली नाही. जे कळत नाही त्याला कळत नाही म्हणावं आणि शोधत बसावं. त्यात लाज नाही. मिस्त्रीलाही पहिल्या झटक्यात कळलं नव्हतं. पण न कळलेल्याला भूत म्हटलं की शोधणं तिथंच थांबतं, आणि खरं कारण आपल्या जागी बसून पुढच्या माणसाची वाट बघतं.

"उघाडीच्या पायऱ्यांवर शेवाळ हाय," इंदुबाई मागून म्हणाली. ती गुडघ्यावरचं फडकं दाबत होती. "बोटभर जाड. मी त्याच्यावरच घसरले. मना कुनी ओढलं नाय."

बोलताना ती चंद्रावतीच्या शेजारी येऊन टेकली होती, हातभर अंतर न ठेवता. धोंडुबाईनं मांडीवर झोपलेली काशी उचलली आणि सुनेच्या ओटीत दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओहोटीला तीस-बत्तीस माणसं खराटे आणि शेवाळ मारायला चुन्याच्या पाट्या घेऊन उघाडीवर आली. नाथा सगळ्यांच्या आधी खाली उतरला होता. दोन पायऱ्या त्यानं एकट्यानंच घासून काढल्या होत्या.